समोरून दिसणारे रूळ

किन्हीराजाच्या हायस्कूलमध्ये ग्रंथालयाची खोली सगळ्यात शेवटी आहे. तिच्यामागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे तुरीचं वावर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाकीच्या खोल्यांना कुलपं लागतात, शिपाई सायकल काढतो आणि या एका खोलीचं दार उघडं राहतं. आत विजयमालाबाई असतात, दोन कॉम्प्युटर असतात आणि नववी-दहावीची पाच-दहा पोरंपोरी.

कागदोपत्री विजयमालाबाई ग्रंथपाल. पण शनिवारी कुणी पुस्तक मागायला येत नाही. पुढे काय व्हायचं, हे शोधायला पोरं येतात. प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुणीतरी तिथे ठेवलेला असतो. आतेभावाने, शेजारच्या काकाने, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओने.

"मॅडम, दहावीवर एअरपोर्टात घेतात म्हणते. खरं हाय का?"

"मले काय इचारून राह्यला? मी काय एअरपोर्टात आहो? शोध."

मग शोधणं सुरू होतं. बाईंनी त्यांना पान वाचायची एक रीत लावून दिली आहे. वर काय लिहिलंय ते नंतर पाहायचं. आधी खाली जायचं आणि हे पान कोणाचं आहे ते पाहायचं. कधीचं आहे ते पाहायचं. आणि मग स्वतःला विचारायचं, हे मी खरं मानलं तर फायदा कोणाचा? सरकारी खात्याचं स्वतःचं पान असेल तर ते शेवटापर्यंत वाचायचं, कंटाळा आला तरी. कारण पहिल्या पानावर दार असतं, उंबरठा शेवटच्या पानावर असतो, असं त्यांचं म्हणणं.

प्रज्वल नावाचा एक पोरगा वर्गात सगळ्यांची टिंगल करायला असतो. एकदा तो मोठ्या आनंदाने त्यांना बोलवायला आला. पडद्यावर टाय लावलेली, हात बांधून हसणारी मुलं होती.

"मॅडम, पाहा. शंभर टक्के नोकरी."

"कोणाची?"

"म्हंजे?"

"शंभर टक्के नोकरी कोणाची? तुही, का हे पान बनवणाऱ्याची?"

पोरं इतकी हसली, की शिपाई सायकल भिंतीला लावून पाहायला आला. प्रज्वलही हसला. त्याला दुसऱ्याच्या हसण्यात भाग घेता येतो, हा त्याचा गुण.

या कामाची सुरुवात मात्र शाळेत झाली नव्हती. बाईंची मुलगी संस्कृती दहावीत होती तेव्हा तिला नकाशांचं वेड होतं. नकाशे करण्याचं शिक्षण कुठे मिळतं, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून मायलेकींनी मिळून ते शोधलं. जेवणं झाल्यावर दोघी एकाच मोबाइलवर वाकून बसायच्या. वाट सापडली. मुलगी त्या वाटेने पुण्याला गेली, तिथून हैदराबादला. आता ती उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून नकाशे करते. एकदा तिने किन्हीराजाचं चित्र पाठवलं. घराचा पत्रा एका बारीक उजळ चौकोनासारखा दिसत होता. बाईंनी तो चौकोन बोटांनी मोठा करून पाहिला, अजून मोठा केला, तेव्हा तो विस्कटून गेला.

"तूच धाडली," दौलतराव, त्यांचे यजमान, अजूनही म्हणतात. "आता फोनकडं काहून पाहून राह्यली?"

शाळेतल्या पोरांचंही तसंच होतं. ज्याला वाट नीट सापडते, तो जातो. ज्याच्यावर जास्त मेहनत घेतली, तो जास्त दूर जातो. दर जूनमध्ये खोलीत नवी पोरं येतात आणि बाई पहिल्यापासून सुरू करतात. पान खाली न्या. कोणाचं आहे, पाहा.

त्यांच्यात यंदा बादल होता.

जऊळक्याच्या अलीकडे, रुळांच्या अंगाला, बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथून तो सायकलने यायचा. दहावीत होता. उंच, सावळा, बोलायला कमी. पहिल्या शनिवारी बाईंनी विचारलं, "तुले काय पाह्याचं हाय?"

"रेल."

"मंग इथी कायले आला? ठेसनावर जाय," प्रज्वल मागून म्हणाला.

"पाह्याची नाई," बादल म्हणाला. "चालवाची हाय."

त्यात चेष्टेला जागा नव्हती. तो ते असं बोलला, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं.

ही इच्छा एकट्या त्याची नव्हती. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी जुनी लहान लाइन काढून मोठी टाकली, तेव्हा त्याचे वडील गोविंदसिंग जवान होते आणि त्या कामावर गिट्टी टाकायला होते. टोपली डोक्यावर, पायाखाली तापलेले दगड. लाइन झाली, गाड्या सुरू झाल्या, काम संपलं. तेव्हापासून ते आणि त्यांची बायको चंदा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. पण तांड्यावरून गाडी जाताना दिसली, की गोविंदसिंग हातातलं काम थांबवतात. "अमान्यापासून जऊळक्यापर्यंतच्या गिट्टीत माहा हात हाय," ते सांगत. "तिच्यावरून माहा पोरगा गाडी नेईन." तांड्यात आता बादलला कुणी बादल म्हणत नव्हतं. पाणी भरायला निघालेल्या बायकाही म्हणायच्या, "ओ डायवर, बाजूले हो."

बादलने शोधायला सुरुवात केली ती व्हिडिओंपासून. तीन महिन्यांत रेल्वे ड्रायव्हर बना, असं एक माणूस हात हलवून सांगत होता. बादलने तो पूर्ण ऐकला, मग खाली गेला, आणि म्हणाला, "मॅडम, यानं स्वतः कधी चालवली ते लिहेल नाई." बाईंना तेव्हाच तो पोरगा आवडला. दोन-तीन शनिवारांत तो रेल्वे भरती मंडळाच्या स्वतःच्या पानापर्यंत पोचला. दहावी, मग आयटीआय, मग परीक्षा, मग सहायक म्हणून इंजिनात. तिथल्या भरतीच्या जाहिरातीची पहिली पानं त्याने डिक्शनरी घेऊन वाचली. आयटीआय कुठे, कोणता ट्रेड, सगळं ठरलं. घरी सांगितलं. गोविंदसिंगांनी तांड्यात सांगितलं.

मग ऑगस्टमधला एक शनिवार आला.

आयटीआयची माहिती देणारी बरीच पानं बादल एकमेकांशी ताडून पाहत होता. बाईंनी पोरांना एक साधी खूण सांगितली होती. ज्या पानावर आपण जाऊन आलो, त्याचं नाव यादीत जांभळं होतं. निळं राहिलं, ते पाहायचं बाकी. बादल मात्र एकाच पानावर पुन्हा पुन्हा जात होता. उघडायचा, ओळखीचं दिसलं की मागे यायचा, आणि परत तेच उघडायचा.

"अबे, पुन्हा त्याच घरी?" प्रज्वल म्हणाला. "सासुरवाडी हाय का तुही तिथी?"

बाईही वैतागल्या. "ध्यान कुठी हाय रे तुहं? जांभळं झालं का सोडाचं ना ते."

"सगळे असंच म्हणतात," बादल म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "मिरची तोडाले गेलो त मालकानं परत धाडलं. म्हणे लालीसंग हिरवी बी तोडतं, ध्यान नाई. मी ध्यान देऊनच तोडत होतो मॅडम."

बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"याच्यातले जांभळे कोणते, दाखव बरं."

तो पडद्याजवळ झुकला. बराच वेळ पाहिलं. मग एका नावावर बोट ठेवलं. ते निळं होतं.

"हे?" मग स्वतःच म्हणाला, "का हे? जांभळं म्हंजे कसं मॅडम? सगळे सारखेच त हायेत."

प्रज्वलने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

त्या रविवारी बाईंनी घरी रेल्वेची तीच जाहिरात पुन्हा उघडली. पोरांसोबत त्यांनी तिची पहिली पानं वाचली होती. शेवटची वाचायची राहिली होती. शेवटी काय असणार, याचा त्यांना अंदाज आला होता. तरी त्या एकेक पान खाली सरकवत गेल्या. प्रत्येक पदापुढे एक अक्षर होतं आणि त्या अक्षराला कोणती नजर लागते, ते पुढे बारीक टाइपात दिलेलं होतं. इंजिनाच्या पदाला सगळ्यात कडक अक्षर. नजर बिनचष्म्याची हवी. आणि रंग ओळखण्याची चाचणी पास व्हायला हवी. तिथे सवलत नव्हती. असावी असंही नव्हतं. रुळांवरून शेकडो माणसं घेऊन जाणाऱ्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसलाच पाहिजे.

वाचता वाचता त्यांच्या मनात पहिल्यांदाच असा विचार आला, की हे पान सरकारचं नसतं, कुणा दुकानदाराचं असतं, तर बरं झालं असतं.

"दहावी त होऊ दे त्याची," दौलतराव म्हणाले. "मंग सांग."

"मंग तुमी म्हणसान, आयटीआय होऊ दे."

"त काय झालं? दोन-तीन वर्षं खुश राहीन पोट्टा. तुले कोणाची खुशी पाहवतच नाई."

ते हे सहज बोलले आणि बैलाला पाणी दाखवायला उठून गेले. बाई मोबाइल हातात धरून बसून राहिल्या. खुशी त्यांनाही पाहायची होती. न सांगता राहणं किती सोपं होतं. तो आयटीआय करेल, परीक्षा देईल, पास होईल. त्याच्यात तेवढी चिकाटी आहे. आणि मग कुठल्यातरी मोठ्या शहरात, रेल्वेच्या दवाखान्यात, एक अनोळखी माणूस त्याच्यापुढे रंग तपासायचं एक पुस्तक उघडेल.

पुढच्या शनिवारी बाकीची पोरं गेल्यावर त्यांनी बादलला थांबवलं. "शेवटची पानं राह्यली होती आपली," त्या म्हणाल्या. "वाच."

त्याने वाचलं. अडला तिथे त्यांनी अर्थ सांगितला. रंगाच्या ओळीपाशी तो अडला नाही, सरळ पुढे गेला. मग त्याला समजलं, की बाई काही बोलत नाहीयेत. तो मागे आला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"माहे डोळे चांगले हायेत मॅडम. दूरच्या ट्रकचा नंबर वाचतो मी."

"दूरचं दिसणं वेगळं, बेटा. रंग वेगळा."

"ते जांभळ्याचं म्हून म्हणता का?"

"हो. अन् मिरचीचं बी."

त्याने पान आणखी एकदा खाली-वर केलं.

"पण मी काई डॉक्टर नाई," बाई म्हणाल्या. "माह्या वाटण्यावर जाऊ नोको. मोबाइलवर चाचण्या हायेत, त्या करत बसू नोको, दर स्क्रीनचा रंग वेगळा असते. वाशिमले जाऊ, सरकारी दवाखान्यात. तिथी जे सांगतीन ते खरं."

"अन् तुमचं चुकलं असन त?"

"त मी तांड्यात येऊन सगळ्याइसमोर सांगीन, मॅडम चुकली म्हून."

तो थोडा हसला. दोघांनाही वाटत होतं, की तसंच व्हावं.

तांड्यावर बाई गेल्या ते स्कूटीवरून. गोविंदसिंग बाजेवर होते, चंदा दारात आरशाच्या टिकल्या शिवत बसली होती. बाईंनी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. चंदा एकदम हसायला लागली.

"हे त माह्या भावाचं झालं, मॅडम! फुलचंदचं. त्याच्या लग्नात त्याले मालेगावले धाडलं, लाल पागडी आण म्हटलं. नवरदेवाले लालच लागते आमच्यात. हा हिरवी घेऊन आला. गर्द हिरवी! अन् सगळे हसले त म्हणते कसा, हेच त लाल हाय. अजून बी त्याले तांड्यात हिरवा नवरदेव म्हणतात. आमाले वाटे पोट्टा पिऊन गेलता—"

बोलता बोलता ती थांबली. सुई हातातच राहिली.

"म्हंजे हे माह्याकडून आलं?"

"मामाचं भाच्यात येते कधीकधी," बाई म्हणाल्या. "माय मधात असते. तिले सगळे रंग दिसतात. तिचा काई दोष नसते चंदाबाई, तिले माहीतच नसते."

"मी त्याले मारलं होतं मिरचीच्या पायी," चंदा म्हणाली.

बादल सायकल पुसत होता. "जोरात नोतं मारलं, याडी," तो म्हणाला. आईला तो याडी म्हणायचा. "तुले मारताच कुठी येते?"

गोविंदसिंग बाजेवरून उठले. त्यांनी फक्त विचारलं, "वाशिमले कधी जाचं?"

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने बादलपुढे ठिपक्यांचं पुस्तक धरलं. रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ, त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी लिहिलेला आकडा. पहिल्या पानावरचा आकडा बादलने चटकन सांगितला आणि वळून बाईंकडे पाहिलं. तो आकडा सगळ्यांनाच दिसतो, हे बाईंना ठाऊक होतं. दुसरं पान उघडलं. बादल पाहत राहिला. तिसरं उघडलं. तो पुस्तकाकडे असा पाहत होता, जसं धुक्यात कुणी हाक मारावी आणि माणूस दिसू नये.

गोविंदसिंगांना आकड्यांपुरतं वाचता येतं. ते पोराच्या मागे उभे होते. प्रत्येक पानावर त्यांचे ओठ हलत होते. आकडा त्यांना दिसत होता. आवाज न करता ते तो म्हणत होते, पोरापर्यंत पोचावा म्हणून. डॉक्टरने वर पाहिलं आणि तिला ते कळलं. तिने पुस्तक हळूच मिटलं.

ऑपरेशन असतं का, गोविंदसिंगांनी विचारलं. नाही. गोळ्या? नाही. हा आजार नाही, तिने समजावलं, जन्मापासूनचं पाहणंच असं आहे. त्याला त्रास काही होणार नाही.

"त्रास नाई होनार," गोविंदसिंग म्हणाले. आणि पुन्हा एकदा, हळू, "त्रास नाई होनार म्हणते."

बाहेर चहाच्या टपरीपाशी त्यांनी मोबाइल काढला. आठवड्यात त्यांनी जातभाईंकडे विचारपूस केली होती आणि कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. एक गोरा पोरगा चष्मा घालतो, वर पाहतो आणि रडायला लागतो. झाडं, फुगे, त्याच्या आईचा लाल ड्रेस.

"हे पाहा मॅडम. चश्मा निघाला. ज्याले रंग नाई दिसत त्याच्यासाठीच हाय. खाली फोन नंबर बी देल्ला." त्यांनी मोबाइल बाईंपुढे धरला. "मी ऊसतोडीवरून आलो का घेऊ."

बाईंनी मोबाइल घेतला नाही. बादलने घेतला.

त्याने तो रडणारा पोरगा शेवटपर्यंत पाहिला. मग अंगठ्याने पान वर सरकवत खाली गेला, अजून खाली, अगदी तळापर्यंत. बाईंना कळत होतं तो काय पाहतोय. त्या वेळी त्यांना फार वाटलं, की याने आज तरी ते पाहू नये. निदान बसमध्ये बसेपर्यंत. निदान जऊळक्यापर्यंत.

"बा," बादल म्हणाला, "हे चश्मे विकणाऱ्याचंच पान हाय."

"मंग? चश्म्याचं चश्मेवालाच सांगीन ना! का चप्पलवाला सांगीन?"

"रेल्वेच्या पानावर बिना चश्म्याची नजर लिहेल हाय. हा घालून चाचणीले घेतच नाईत." त्याने मोबाइल परत दिला. "म्या वाचलं हाय, बा. शेवटच्या पानावर."

गोविंदसिंग पडद्याकडे पाहत राहिले. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. तो बंद करायचं त्यांना सुचलं नाही. चहा आला, तिघांनी घेतला. मग ते म्हणाले, "गिट्टी त हायच जागेवर. कोणाचा ना कोणाचा पोरगा नेतेच हाय गाडी."

दसरा झाला. तांड्यातून ट्रक निघाला. त्यात गोविंदसिंग आणि चंदा गेले. बादल चुलत्याकडे राहिला.

काही शनिवार तो खोलीत आला नाही. वर्गात यायचा, सुटला की सायकलवर बसून जायचा. प्रज्वलने एकदा त्याला गाठून सांगितलं, "ये ना बे. तुह्या जागी मी बसून राह्यलो त मॅडम मलेच अभ्यास लावते." त्याला माफी मागायची होती आणि ती त्याला अशीच मागता येत होती. डायवर म्हणणं तांड्यात हळूहळू बंद झालं. आधी बायकांनी बंद केलं, मग पोरांनी.

मग एका शनिवारी तो आला. बाईंनी त्याच्यासाठी रेल्वेचीच दुसरी पदं काढून ठेवली होती; तिकीट खिडकी, ऑफिस, हिशेब. तिथे पदापुढचं अक्षर वेगळं होतं, रंगाची अट नव्हती. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"पाहीन मॅडम. आज नाई." मग म्हणाला, "तुमी सगळ्याइले माणूस शोधून देल्ला. मलेच नाई देल्ला."

ते खरं होतं. पान कितीही खात्रीचं असलं, तरी ते काम रोज करणाऱ्या माणसाशी एकदा बोलायचं, अशी बाईंची पद्धत होती. रुचिकाला नर्स व्हायचं होतं, तर तिला त्यांनी शिरपूरच्या एका सिस्टरशी बोलायला लावलं. प्रज्वलला अजून काय व्हायचं ते ठरत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांशीच बोलला होता. बादलसाठीही त्यांनी माणूस शोधला होता, जुलैमध्येच. मोहनसिंग, अकोल्यात राहणारे, गाडी चालवून रिटायर झालेले. ऑगस्टनंतर त्यांना फोन करायचं बाईंनी सोडून दिलं होतं.

"आता कायले, बेटा?" त्यांनी विचारलं.

"लावा ना."

त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल टेबलावर दोघांच्या मधे ठेवला.

"हां, बोल," पलीकडून जाडाभरडा आवाज आला. "मॅडम म्हणत होत्या, तांड्याचा पोरगा हाय. भरतीचं इचाराचं हाय का?"

"नाई," बादल म्हणाला. "मले नाई होता येत. डोळ्याचं हाय."

"रंगाचं?"

"हो."

पलीकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला असावा. मोहनसिंग पुन्हा बोलले, तेव्हा आवाज खाली आला होता.

"मंग काय इचारतं, बेटा?"

"मी एकडाव बसलो होतो गाडीत. खिडकीतून सगळं बाजूनं निघून जाते." बादल टेबलाकडे पाहत बोलत होता. "समोरून कसं दिसते?"

मोहनसिंगांना इतकी वर्षं कुणी हे विचारलं नसावं.

"समोरून," ते म्हणाले, "समोरून काईच निघून जात नाई रे. सगळं आपल्याकडं येते. रूळ दूर असतात तवा एकमेकाले चिकटेल दिसतात. जसं जसं जाशीन तसे उघडतात. तुह्या अंगाखालून जाऊन राह्यले असं वाटते. वाशिम सोडलं ना, हिवाळ्यात, सकाळी, त दोन्ही अंगानं तूर उभी राहते, अन् तिच्यावर धुकं. गाडीचा उजेड धुक्यात शिरत नाई, पुढंच लटकून राहते. एखादे येळी रोही रुळात उभा. भोंगा देल्ला तरी पाहतच राहते आपल्याकडं, जसं काई आपणच त्याच्या वावरात घुसलो."

बादल हसला. फोनवर ते ऐकू गेलं असावं, कारण मोहनसिंगही हसले.

"तुमी जऊळक्यावरून जात होते का?"

"रोज म्हटलं तरी चालन. तुमचा तांडा माहीत हाय मले. चुली पेटेल दिसत. वळण हाय तिथी, वळण घेतलं का सरळ लाइन. मंग दूर सिग्नल. पहिले त नुसता ठिपका दिसते. लहानसा. हाय का नाई, तेबी समजत नाई."

"ठिपका मले बी दिसते," बादल म्हणाला.

"दिसते ना?"

"हो."

"हां. मंग पाह्य आता," मोहनसिंग म्हणाले, "तो ठिपका हळूहळू मोठा होत येते..."

ते सांगत राहिले. रंगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. आवाज मधूनमधून बारीक होत होता, म्हणून बादलने टेबलावर कोपर टेकवून कान मोबाइलजवळ नेला. विजयमालाबाई पावलांचा आवाज न करता उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.